कुटुमसरची गुहा अन् माझा चष्मा

डिसेंबरात छत्तीसगडातल्या जगदलपूरले गेलो होतो, नागपूरहून रायपूरमार्गे गाडीनं, आणि खरं सांगू का, बायको तीरथगडच्या धबधब्यासाठी आली होती, मी मात्र कुटुमसरसाठी. कांगेर घाटी नॅशनल पार्कच्या आत आहे ही गुहा, पावसाळ्यात पाणी भरते म्हणून बंद असते. गाईडशिवाय सोडत नाहीत.

तोंड इतकं अरुंद की माझ्यासारख्या माणसाले पोट आत ओढून उतरावं लागलं, मागून साळा म्हणे, "भाऊजी, सावजी कमी करा आता!" बाहेर थंडी, आत दमट उकाडा, चष्म्यावर धुकंच धुकं. पुसला तर समोर लवणस्तंभ! छतातून लोंबणारे, जमिनीतून वर आलेले, काही ठिकाणी तर पडद्यासारख्या दगडाच्या चुण्या. गाईडनं टॉर्च एका टोकावर धरला, तिथं पाण्याचा एक थेंब लटकून होता, पडेचना. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत खाली येते, थेंबातला कार्बन डायऑक्साइड उडाला की चुना तिथंच बसतो, थरावर थर, हजारो वर्षं. हातही लावायचा नाही, कारण बोटाचं तेल लागलं की त्या जागी चुना नीट बसत नाही. तरी लोकांनी नावं कोरलीच आहेत, काय म्हणावं बाप्पा.

आतल्या डबक्यात आंधळे मासे असतात, अंधारात राहून राहून डोळे पार बारके झालेले. मी वाकून वाकून पाहिलं, एक दिसला असं वाटलं. साळा म्हणे पान होतं.