धानाचं कूळ बोडीच्या शेवाळात: पावसाळी नोंद

रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी थांबलं, आता शेवाळाला तोटा नाही. आमच्या भंडाऱ्याकडे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), बोड्या म्हणजे लहान तळी, बांध्या म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सगळं हाकेच्या अंतरावर. धानाचं नातं कोणत्या शेवाळाशी सगळ्यात जवळचं, हे समजून घ्यायला या हंगामात एकच बोडी आणि तिच्याखालची बांधी नीट पाहायची, असं ठरवलं. सूक्ष्मदर्शक जुनाच, वर मोबाइल बांधलेला.

शेवाळांच्या वर्गवारीला सगळ्यात जास्त कामी आलं ते औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन. पाण्यात पातळ करून झाकणकाचेच्या कडेला एक थेंब सोडायचा आणि पलीकडून टिपकागदाने ओढून घ्यायचा. स्पायरोगायरा या धाग्यांच्या हिरव्या शेवाळातल्या सर्पिल पट्टीवरचे ठिपके निळेकाळे होतात. हा स्टार्च, आणि तो हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या भागाच्या, आत साठलेला. शेजारचे तपकिरी डायटम, सिलिकाच्या कवचातली एकपेशी शेवाळं, निळे होत नाहीत. त्यांचा साठा तेलाचा आणि वेगळ्या शर्करेचा. युग्लिना हा एकपेशी जीव हिरवागार, तरी निळी होत नाही: तिच्या पूर्वजाने हिरवं शेवाळ गिळून हरितलवक मिळवलं, साठवण मात्र स्वतःचीच ठेवली. अ‍ॅनाबिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या माळांत केंद्रकच नसतं, ते जिवाणूच. पण त्यांच्याच कुळातला एक जीव फार पूर्वी दुसऱ्या पेशीत वस्तीला आला आणि त्याचं हरितलवक झालं.

लाल आणि तपकिरी शेवाळं बहुतेक समुद्रातली, त्यामुळे आपल्या बोडीत त्यांची आशा नको. लाल शेवाळाचा स्टार्च लवकाबाहेर साठतो. तपकिरी सरगॅसम दिसायला झुडपासारखं, पण नात्याने डायटमच्या जवळचं.

आता बांधीतल्या धानाचा कच्चा दाणा चिरून त्यावर तोच थेंब टाका. निळाकाळा! इथेही स्टार्च लवकातच साठलेला. क्लोरोफिल अ आणि ब ही हिरवी रंगद्रव्यं, सेल्युलोजची पेशीभित्तिका हेही हिरव्या शेवाळासारखंच. म्हणजे धानाचं कूळ हिरव्या शेवाळांत. मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो.

पण हिरव्यांतही सख्खं कोण? बोडीच्या तळाशी कारा हे हिरवं शेवाळ भरपूर आहे. चुन्याने खरखरीत, उग्र वासाचा, कांड्यांवर फांद्यांची वर्तुळं. पाहताक्षणी वनस्पतीच वाटावी असा. त्याच्या मुळांसारख्या रंगहीन तंतूंत पेशीरस वाहताना स्पष्ट दिसतो, जरूर पाहा. पेशी विभागताना मधली भिंत घालण्याची त्याची रीतही धानासारखीच. तरी जनुकांच्या तुलनेत जमिनीवरच्या वनस्पतींचा सर्वांत जवळचा नातलग ठरतो तो स्पायरोगायरा, झिग्निमा आणि डेस्मिड यांचा गट. ना खोड, ना फांदी, नुसते बुळबुळीत धागे किंवा सुट्या पेशी! २०१९ मध्ये याच गटातल्या दोन शेवाळांचे जनुकसंच वाचले गेले. कोरडेपणा सोसायला मदत करणाऱ्या जनुकांपैकी काही मातीतल्या जिवाणूंकडून आल्याचं त्यात दिसलं. जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात; म्हणजे ही तयारी त्याहून जुनी.

रूपावर किती भिस्त ठेवावी याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मद्रासचे शेवाळतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये ओल्या मातीवरच्या फ्रिशिएला या हिरव्या शेवाळाचं वर्णन केलं. त्याचा काही भाग मातीत, काही वर उभा, म्हणून अनेकांना तो वनस्पतींच्या पूर्वजासारखा वाटे. पुढे पेशीविभाजन बारकाईने पाहिल्यावर तो हिरव्या शेवाळांच्या दुसऱ्याच शाखेत गेला. म्हणून मी आता आकारावरून नातं लावत नाही. आधी लवक, साठा आणि भित्तिका पाहतो.

पुढचं काम दिवाळीनंतरचं. बोडी आटते तेव्हा स्पायरोगायराचे धागे शिडीसारखे जोडले जातात आणि दोन पेशींच्या मिलनातून जाड भिंतीचे युग्मबीजाणू तयार होतात. काठाची वाळलेली माती कागदात बांधून ठेवीन, उन्हाळ्यात उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवीन आणि काय उगवतं ते पाहीन. शेजारी बांधीची माती वेगळ्या वाटीत, तुलनेला.

कोलिओकीट हे आणखी एक हिरवं शेवाळ मात्र अजून हाती लागलेलं नाही. पाण्यात बुडालेल्या पानांवर ते हिरव्या चकतीसारखं चिकटतं. कमळाच्या देठांवर कोणाला मिळालं असेल, तर पाण्याची खोली आणि महिना कळवा.