गाडी कुठे तापते, ते आधी बघा

सिंहगड रोडच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर खाली येतो? मग संशय रेडिएटरच्या फॅनवर. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (फॅनचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा स्विच) तपासा, मग मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघा. मोटर फिरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. दीडशे रुपयांच्या रिलेपायी अख्खा फॅन बदलणारे कमी नाहीत.

उलट गर्दीत ठीक, पण कात्रज किंवा खंबाटकी घाट चढताना तापत असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पुरेसं फिरत नाही: रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप झिजलाय किंवा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवटच उघडतोय. थर्मोस्टॅट काढून पाण्यात उकळा. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला मात्र ऐकू नका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकलं असेल तर क्षार साचणारच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा, दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळतं. झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नका.

गळती कुठेच नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे? मग संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर. गाडी टो करूनच न्या.