तबल्यावर कोण?

नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, हे बाबांना पटायला अर्धा तास लागला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, चारी कडांवरून बोट फिरवलं आणि "एवढे पैसे घेतात आणि साधा खण देत नाहीत" म्हणून विषय संपवला. शेवटी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणला. पावसाळ्यातल्या चार रविवारांत त्यांच्या १८० सीडी लॅपटॉपवर उतरवून काढायच्या, असं ठरलं. गणपती आले तेव्हा आम्ही अजून मालकंस रागातच होतो.

आवाज उतरवायला काही लागत नाही. चकती घातली, घरघर ऐकली, चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं. घोडं अडतं ते नावांपाशी. गाणाऱ्याचं नाव असतं कव्हरवर. चकतीत बहुतेक वेळा फक्त कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो एवढीच नोंद. सॉफ्टवेअर त्या लांब्या मोजतं आणि इंटरनेटवरच्या याद्यांशी ताडून बघतं. सिनेमाची चौदा गाणी असली की चौदा लांब्या जुळाव्या लागतात, चूक सहसा होत नाही. ख्यालाच्या सीडीवर दोनच ट्रॅक, संथ लयीतला विलंबित आणि जलद लयीतला द्रुत. तेवढ्यावरून कोण कुणाला ओळखणार? आमचा मारवा जर्मनीतल्या चर्चचं ऑर्गनवादन निघाला.

वर त्याच्यापुढे संगीतप्रकार म्हणून 'ब्लूज'. ती गंमत नंतर कळली. एमपीथ्रीच्या जुन्या पद्धतीत संगीतप्रकारांना क्रमांक दिलेत आणि शून्यावर ब्लूज बसलेत. प्रकार न ठरवता तिथे शून्य पडलं, की कुणीही ब्लूज गायला लागतो.

"ब्लूज म्हणजे काय गं?"

"दुःखाची गाणी."

"मग मारव्याला चालेल," बाबा म्हणाले.

मग सगळं हातानंच भरायचं ठरलं. बाबा भिंग घेऊन कव्हरच्या आतला बारीक मजकूर वाचणार, मी टाइप करणार. कलाकार: भीमसेन जोशी. अल्बम, राग, वर्ष. मी 'सेव्ह'वर बोट ठेवलं की बाबांचा प्रश्न ठरलेला: "आणि तबल्यावर कोण?" तबल्याला रकानाच नाही, असं सांगितलं तर भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत बसले. स्वतः हौशी तबला वाजवणारा माणूस. त्यांचंही बरोबर होतं. कुमार गंधर्वांमागे वसंतराव आचरेकर नसते तर, या विषयावर ते तासभर बोलू शकतात. बोललेही. शेवटी 'कॉमेंट्स' नावाच्या अडगळीच्या रकान्यात तबला, पेटी, तानपुरा सगळ्यांना बसवलं. पेटीवाले अप्पा जळगावकर आता कॉमेंट आहेत.

पहिल्या ४० सीडी उतरवून झाल्यावर बाबांना हेडफोन दिला. विलंबित संपून द्रुत सुरू होताना त्यांची मान हलायची थांबली. "तानपुरा तुटला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पुन्हा ऐकलं. खरंच, दोन ट्रॅकच्या सांध्यावर तानपुऱ्याला उचकी लागत होती. एमपीथ्री ठरावीक मापाच्या तुकड्यांतच आवाज साठवतं. शेवटचा तुकडा अपुरा पडला की उरलेली जागा शांततेनं भरतं, सुरुवातीलाही थोडी शांतता घुसडतं. सेकंदाचा विसावा भाग म्हणा फार तर. सिनेमाच्या गाण्यांत तो कळतही नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतताच असते. तानपुरा मात्र मध्ये थांबत नाही. झालं, ४० च्या ४० पुन्हा. या वेळी फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात, त्यात मुळातलं काही गळत नाही आणि वाढतही नाही. जागा जास्त खातं, पण तरी सगळं कपाट एका पेन ड्राइव्हवर मावलं.

सीडीची चकचकीत बाजू जपायची, एवढंच आम्ही आयुष्यभर शिकलो. खरं तर आवाज साठवलेला धातूचा पातळ थर असतो छापील बाजूच्या लगेच खाली, वर नुसता लॅकरचा पापुद्रा. बाबांनी हौसेनं त्याच बाजूवर बॉलपेननं दाबून अनुक्रमांक घातले होते. ६७ नंबरची चकती ट्यूबलाइटसमोर धरली, तर साताच्या दांडीतून तीन ठिकाणी उजेड आला. ती काही पूर्ण उतरली नाही.

शेवटी उरली एक घरी बर्न केलेली सीडी. मार्करनं फक्त 'कोजागरी' लिहिलेलं. पूर्वी आमच्या गच्चीवर मैफल झाली होती, कुणीतरी टेप केली होती, त्यावरून ही बनवलेली. कारखान्यातल्या सीडीत खड्डे छापलेले असतात, घरच्या सीडीत रसायनाचा थर. तो नुसत्या ठेवण्यानंही विटतो. ड्राइव्ह पाऊण तास कण्हला आणि अकरा मिनिटं हाती लागली. बागेश्री. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी दूध आणा म्हणतंय, आणि तबल्यावर बाबा.

मी 'कलाकार' या रकान्यात कर्सर नेला. "गायक कोण होते हो?"

"ते राहू दे. माझं टाक."

"आणि ते?"

"त्यांना घाल कॉमेंट्समध्ये," बाबा म्हणाले. "तालाला कच्चा होता माणूस."