सरांनी जपलेला श्वास

सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण हाती आले, त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर शाळेची इमारत येत नाही, मैदान येत नाही, येतो तो प्रयोगशाळेच्या मागचा पागोळ्या गळणारा व्हरांडा आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या जाळावर डफ धरून बसलेले आमचे मराठीचे सर. स्मरणिकेच्या वाचकांना त्यांचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. 'सर' एवढेच म्हटले की आमच्या पिढीला ते एकटेच आठवतात.

आम्ही नववीत होतो. ऑगस्टचा शेवट होता आणि पावसाची झड आठवडाभर थांबली नव्हती. दमट हवेने डफाचे कातडे इतके उतरले होते की त्यावर थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येई. सरांनी रद्दी पेटवली, डफ जाळावर गोल गोल फिरवत तापवला, मधूनमधून बोटांच्या पेरांनी कातडे चाचपले आणि एका क्षणी टिचकी मारताच तो असा खणखणला की शेजारच्या वर्गातली मुले दाराशी धावली. माझ्याकडे डफ देत ते म्हणाले, "आज एकोणतीस तारीख आहे. आज अमर शेखांचे गाणे ढिल्या डफावर म्हणायचे नाही."

ते नाव आम्हांला ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात ते नव्हते. बार्शीला २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेले महेबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख, हे सरांनी सांगितले तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळले. पाणी भरण्यापासून मोटारीवरच्या क्लीनरपर्यंत आणि गिरणीतल्या मजुरीपर्यंत कामे केलेला हा माणूस, आई मुनेरबी यांच्या तोंडची लोकगीते ऐकत वाढला, स्वतः गीते रचू लागला आणि ती पहाडी आवाजात स्वतःच गाऊ लागला. अण्णा भाऊ साठे आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानेच्या मैदाने जागवली. सरांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांना अशाच एका मैदानावर ऐकले होते. २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात शाहीर गेले, तेव्हा त्यांना त्रेपन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अजून कितीतरी लिहायचे आणि गायचे राहून गेले, हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी अडखळत असे.

सरांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तीत ऐकून उतरवलेली अमर शेखांची गाणी होती. त्यातले तिसरे गाणे आम्हांला शिकवताना सर एका ओळीच्या मध्यावर, शेवटच्या शब्दाआधी, एकदम थांबत, श्वास घेत आणि मगच तो शब्द टाकत. झील धरणाऱ्या आम्हां चौघांची तिथे नेहमी चूक होई, कारण आम्ही आधीच 'जी जी जी' सुरू करत असू. सरांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे तो थांबा दम्याचाच, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आलो. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, जुन्या फिती स्वच्छ करून संगणकावर उतरवण्याचे काम मी वीस वर्षे करतो आहे आणि त्या कामासाठी मला दोन सन्मानही मिळाले, हे शाळेला कळावे म्हणून नम्रपणे नमूद करतो. तीन वर्षांपूर्वी एका संग्राहकाच्या घरून आलेल्या फितींच्या खोक्यात एका डबीवर पेन्सिलीने 'अमर शेख' असे लिहिलेले दिसले. फितीला बुरशी लागलेली होती. ती वाळवून, पुसून यंत्रावर चढवायला दोन दिवस लागले. आधी नुसती खरखर होती, मग डफ आणि मग तो आवाज. गाणे तेच, वहीतले तिसरे. ओळीचा मध्य आला आणि शाहीर थांबले. एक श्वास, मागे गर्दीची संपूर्ण शांतता, आणि मग तो शब्द. मी हेडफोन काढून ठेवले आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. सरांचा तो दमा नव्हता. लहानपणी एकदा ऐकलेला शाहिरांचा श्वाससुद्धा त्यांनी गाण्याबरोबर पाठ केला होता आणि आम्हां मुलांना तो दरवर्षी तसाच्या तसा दिला होता.

हे सरांना सांगायला मला पाच वर्षे उशीर झाला, याचे दुःख जात नाही. त्यानंतर 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे शाहिरांचे दोन्ही काव्यसंग्रह मी मिळवून वाचले. कागदावरच्या ओळींतही तो माणूस उभा राहतो, परंतु ती कविता उघड्या मैदानात, हजारोंच्या समोर म्हणण्यासाठीच जन्मली होती, असे माझे ठाम मत आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनास आलो असता मुले तयार ध्वनिमुद्रणावर नाचत होती. उत्साह मोठा होता, मात्र एकही मूल स्वतःच्या गळ्याने गात नव्हते, हे पाहून मला फार वाईट वाटले.

त्या मुद्रणाची प्रत, संग्राहकांच्या संमतीने, मी या लेखासोबत शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवीत आहे. दरवर्षी २९ ऑगस्टला ती मुलांना ऐकवावी आणि त्यानंतर मुलांकडूनच ते गाणे म्हणवून घ्यावे, एवढी विनंती आहे. सरांचा डफ ग्रंथालयाच्या भिंतीवर अजून आहे. त्या दिवसांत पाऊस असतो. डफ आधी नीट तापवून घ्यावा.