रिकाम्या जागेचे पैसे

आमच्यातले पहिले खरेखुरे भांडण लग्नाच्या आधीच, आणि तेही लग्नपत्रिकेवरून झाले. माझा नवरा ग्राफिक डिझायनर असल्यामुळे पत्रिका बाहेरून करून घेण्याचा प्रश्नच नव्हता. गिरगावातल्या एखाद्या छापखान्याने जे काम दोन दिवसांत हातावेगळे केले असते, त्यासाठी त्याने अडीच महिने घेतले आणि त्या काळात मला ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरोखर फायनल’ अशा नावांच्या फायली येत राहिल्या, ज्यांतला फरक मला आजतागायत कळलेला नाही.

शेवटी जे हाती आले त्यात वरच्या बाजूला चार ओळी होत्या आणि खाली अर्धे पान कोरे होते. माझ्या आत्याने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “जावईबापू, एवढी जागा रिकामी का सोडली? तिचेही पैसे आपणच देणार ना? त्यात ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ आणि खाली पोराबाळांची नावे सहज बसतील. आणि गणपती जरा मोठा करा.” हे शेवटचे वाक्य ऐकून तो एकदम गप्प झाला. ‘लोगो जरा मोठा करा’ हे ऑफिसात दिवसभर ऐकून आलेल्या माणसाला घरीही तेच ऐकावे लागले, याचे दुःख त्या वेळी मला समजले नव्हते. डोळ्यांनाही विसावा लागतो, कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, असे त्याने समजावून पाहिले. पण आत्याचे उभे आयुष्य शिलकीच्या कापडातून पिशव्या शिवण्यात गेलेले असल्यामुळे तिला ते पटणे शक्य नव्हते.

या माणसाबरोबर उपाहारगृहात जेवायला जाणे हाही संयमाचा भाग असतो. दादरला एकदा मी भुकेने कासावीस झालेली असताना त्याने मेन्यूकार्डावरच्या ‘थालीपीठ’ या शब्दावर बोट ठेवून सांगितले की, हा ल उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदी वळणाचा आहे, मराठी ल नव्हे. मी म्हटले, थालीपीठ कोणत्याही वळणाचे चालेल, पण आधी मागव. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती तो अगदी मन लावून पाहतो, पण कोणते नाटक कुठे आहे असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची अक्षरे कशी रेखाटली हे मात्र तो तासभर सांगू शकतो. मी बँकेत नोकरी करते. आमची मराठी पत्रे संगणकावर ‘मंगल’ फॉन्टमध्ये निघतात, हे कळल्यावर तो प्रथमच माझ्या नोकरीबद्दल आदराने बोलला, कारण तो फॉन्ट पूर्वी पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे.

तर पत्रिका. तीनशे प्रती छापून आल्या, कागद सुरेख होता, दोन अक्षरांमधले अंतर निर्दोष होते आणि मुहूर्ताची वेळ त्यात नव्हतीच. अडीच महिने रात्रंदिवस पाहिलेला तो मजकूर त्याने एकदाही वाचला नव्हता. (मीही वाचला नव्हता, पण मी डिझायनर नाही.) मग एका रात्री आमच्या दोन खोल्यांत सगळे गोल करून बसले आणि ‘सकाळी ११ वाजून १७ मिनिटांनी’ ही ओळ प्रत्येक पत्रिकेवर बॉलपेनने लिहिली गेली, ती अर्थातच त्या कोऱ्या जागेत. आत्या म्हणाली, “नशीब, जागा सोडली होती!”

आत्याच्या हस्ताक्षरातली एक प्रत त्याने फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे. ती भिंतीच्या बरोबर मध्यावर नाही, दोन सेंटीमीटर वर आहे. मोजलेल्या मध्यावर लावलेली वस्तू नजरेला खाली घसरल्यासारखी वाटते, असे त्याचे म्हणणे आहे. आत्या येते तेव्हा ती फ्रेम थोडी खाली ओढून पाहते, आणि ती गेली की तो पुन्हा वर करतो.