सातचं बटण

ठाण्यात केबल डिजिटल करायची मुदत होती 31 मार्च 2013, त्यानंतर सेटटॉप बॉक्स नसेल तर टीव्ही बंद. मी तेव्हा कळव्यात लाइनवर होतो. दिवसाला वीस-वीस बॉक्स, पिवळी-लाल-पांढरी पिन लावा, टीव्ही एव्हीवर टाका (बॉक्सचं चित्र तिथेच दिसतं), सही घ्या, पुढचं घर.

एका चाळीतल्या आजींची आठवड्यात तिसरी कम्प्लेंट आली, टीव्ही खरखरतो. आधी दोनदा जाऊन मीटर लावला होता, सिग्नल 62, एकदम क्लीन, तरी कनेक्टर नवा क्रिम्प करून दिला, कारण जुन्या अ‍ॅनालॉग केबलला सिग्नल पडला तर नुसत्या मुंग्या यायच्या, बातम्या ऐकू यायच्याच, डिजिटलला एका हद्दीखाली गेला की आधी चौकोन चौकोन आणि मग डायरेक्ट काळा पडदा. माझ्या जोडीदाराने 'म्हातारीला कळत नाही' म्हणून कम्प्लेंट क्लोज केली होती. चुकीचं होतं ते.

तिसऱ्यांदा म्हटलं, आजी, तुम्हीच लावून दाखवा. त्यांनी टीव्हीचा रिमोट घेतला, अंगठ्याने बटणं चाचपली आणि सात दाबलं. टीव्ही एव्हीवरून उडाला, खर्रर्र. त्यांना जवळपास दिसतच नव्हतं, आणि दोनदा येऊन माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"सातवर सह्याद्री ना रे बाळा, सातच्या बातम्या."

बॉक्सवर सह्याद्रीचा नंबर तीन आकडी. दोन आकड्यांमध्ये दोन-तीन सेकंद गेले की बॉक्स अर्ध्याच नंबरवर जातो, आणि यादी वाचायची ती स्क्रीनवर. हे बनवणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून रिमोट हातात घ्यायला हवा होता.

शेवटी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण सोडून सगळीकडे चिकटपट्टी गुंडाळली. बॉक्स चालू केला की कंपनीचं स्वतःचं चॅनल लागायचं, तिथून वरचं बटण अकरा वेळा. आजींनी जप मोजतात तसे अकरा मोजले, आवाज लागला, तर बंद करून परत मोजले, परत लागला.

चारेक महिन्यांनी कंपनीने मध्ये दोन नवी चॅनल टाकली, नंबर सरकले. आजींची कम्प्लेंट आली नाही. वसुलीला गेलो तर टीव्हीवर चादर टाकलेली.

"बिघडला रे, म्हटलं तुला किती वेळा बोलवायचं."

त्याच दिवशी तेरा मोजायला शिकवले. मधले किती दिवस बातम्यांशिवाय गेले ते मात्र मी विचारलं नाही.