डिवचलं त्याने, पण पुढचं कोणाचं?

कोणी टोचून बोललं की पहिल्या क्षणी जे होतं, म्हणजे छाती धडधडणं, कान तापणं, डोळ्यात पाणी येणं, त्यावर आपला काही ताबा नसतो आणि त्यासाठी कोणी कोणाला दोष देऊच नये असं मला मनापासून वाटतं. पण त्यानंतर तोंडातून जे निघतं, मोबाईलवर जे टाइप होतं, ते मात्र आपलं. ‘तो बोललाच तसं म्हणून मी भडकलो’ हे मला अजिबात पटत नाही.

बघा ना, ‘माझा रागावर कंट्रोलच राहत नाही’ म्हणणारा माणूस ऑफिसात बॉसने चारचौघात झापलं तरी मान खाली घालून ‘हो सर, बघतो’ म्हणतो, आणि त्याच संध्याकाळी बायकोने ‘आज परत उशीर?’ एवढंच विचारलं की घर डोक्यावर घेतो. मोठा अपमान कोणी केला होता? मग तिथे कंट्रोल कुठून आला? तिथे नोकरी जायची भीती होती, घरी आपलं काही जाणार नाही याची खात्री होती, बस. म्हणजे राग कुठे काढायचा ते आपण ठरवतोच, फक्त ठरवलं हे मान्य करत नाही. आणि तो बहुतेक वेळा निघतो लहान मुलांवर, हाताखालच्यांवर, जे उलट बोलू शकत नाहीत त्यांच्यावर. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

तीच कोपरखळी जवळच्या मित्राने मारली तर आपण हसतो आणि ज्याच्याशी आधीच बिनसलंय त्याने मारली तर रात्रभर झोप नाही. शब्द तेच. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात आपली उपचारपद्धती यावरच उभी केली, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण त्या घटनेचा लावलेला अर्थ असतो.

काहीजण म्हणतात राग बाहेर काढला की मोकळं वाटतं. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये छापलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, त्यांच्या निबंधावर अगदी वाईट शेरा देऊन. मग काहींना शेरा देणाऱ्याला डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते पहिले, आणि नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक निघाले. म्हणजे त्या माणसाला मनात घोळवत राहिलं की राग उतरत नाही, वाढतो.

याचा अर्थ गिळून गप्प बसा असा मुळीच नाही हं. ‘तू सगळ्यांसमोर असं बोललास ते मला लागलं, परत बोलू नकोस’ हे त्याच माणसाला स्पष्ट सांगणं, तक्रार करणं, संबंध तोडणं, ह्या पण प्रतिक्रियाच आहेत आणि कधीकधी अगदी योग्य असतात.

आणि हे सगळं ज्याने अपमान केला त्याने ऐकवायचं नाही. आधी वाट्टेल ते बोलायचं आणि समोरचा दुखावला की ‘तूच मनाला लावून घेतोस’ म्हणायचं, हा सरळ सरळ अन्याय आहे. त्याने जे बोललं त्याचा जाब त्यानेच द्यायचा.